सिस्टरची हद्द



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव मागच्या फलकावर आहे. मी ते उच्चारणार नाही. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, पण एकदाही त्यांना नावानं हाक मारली नाही. आज मारायला जीभ वळत नाही. सरकारी कागदावर त्या 'अधिसेविका' होत्या, आमच्यासाठी मेट्रनबाई. तेवढं पुरे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. मेडिकल वॉर्ड, नाइट ड्युटी, रात्रीचे पावणेतीन. चाळीस खाटांना मी एकटी, सोबत एक आयाबाई. कोपऱ्यातल्या खाटेवरचा मधुमेहाचा पेशंट घामानं निथळत होता, हाक मारली तर 'ओ' देत नव्हता. तेव्हा ग्लुकोमीटर नव्हते. रक्ताचा थेंब पट्टीवर टाकून रंग डब्यावरच्या खान्यांशी जुळवायचा. रंग सगळ्यात खालच्या खान्याला जुळला. डॉक्टर लेबर रूमला गेले होते. मी फोन केला, निरोप ठेवला, पुन्हा फोन केला. मग पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजच्या चार अँप्युल फोडल्या आणि शिरेतून हळूहळू सोडल्या. पाचेक मिनिटांत माणसानं डोळे उघडले आणि चहा मागितला. सकाळी डॉक्टरांनी केसपेपरवर मागच्या वेळेची ऑर्डर लिहून खाली सही केली. चांगला मुलगा होता, एक शब्द बोलला नाही.

मेट्रनबाईंच्या राउंडला मी मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिलंस ते बरोबर. पण कुणाच्या अधिकारात दिलंस?"

मला उत्तर आलं नाही. पुढे पाठ्यनिर्देशिका झाले, शेकडो मुलींना शिकवलं, निवृत्त झाले. तरी हा प्रश्न मनातून गेला नाही. आजचं व्याख्यान त्याच्यावरच आहे.

श्रोत्यांत आमच्या क्षेत्राबाहेरची मंडळीही आहेत, म्हणून आधी माणसं ओळखून घेऊ. दवाखान्यात पांढऱ्या किंवा निळ्या कपड्यातल्या कुणालाही आपण 'सिस्टर' म्हणतो. अलीकडे 'ब्रदर' म्हणायचीही वेळ येते. पण त्यांच्यात भेद आहेत. गावच्या उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी एएनएम, सरकारी भाषेत आरोग्य सेविका, दोन वर्षं शिकते. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी. त्यापुढे एम.एस्सी. आहे, अतिदक्षता विभागासाठीचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. सरकारी रुग्णालयात गेलात की वेगळीच शिडी दिसते: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. पहिली यादी शिक्षणाची, दुसरी नोकरीची. दोन्ही याद्या वाचून झाल्या तरी या बाईनं रात्री पावणेतीनला नेमकं काय करायचं आणि काय नाही, हे कळत नाही. त्यालाच कागदोपत्री 'कार्यकक्षा' म्हणतात. मी साधा शब्द वापरते, हद्द.

आता कायदा. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ सालचा. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. म्हणजे डॉक्टरांचा तुटवडा होताच, पण सिस्टर त्याहून दुर्मीळ. अशा वेळी सरकारला काळजी होती ती माणसं कुठून आणायची आणि त्यांना सारखं शिक्षण कसं द्यायचं याची. १९४७ च्या डिसेंबरात भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला तो याच काळजीतून. शिक्षणाचा दर्जा देशभर एक असावा, एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालावं, हा त्याचा गाभा. आपल्याकडे १९३५ चा मुंबई प्रांताचा नोंदणी कायदा होताच. नंतर १९५४ चा आला आणि मग १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम. त्यातून नोंदणी आली, शिस्त आली, 'परिचारिका' हे नाव कुणी लावायचं ते ठरलं. नोंदवहीत जीएनएम आणि बी.एस्सी. दोघींच्या नावापुढे तीच अक्षरं लागतात, आर.एन.-आर.एम.; एएनएमची नोंद वेगळी.

हे कायदे दाराशी उभ्या असलेल्या चौकीदारासारखे आहेत. आत कोण येणार ते पाहतात; आत आल्यावर कोणती खोली कुणाची, ते त्यांचं काम नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झाला, १९४७ चा कायदा मागे सारण्याची तरतूद घेऊन. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी का होईना, झाला. पण चार वर्षं शिकलेल्या सिस्टरनं डॉक्टरला न विचारता कोणकोणत्या गोष्टी कराव्यात, याचं पान उघडून दाखवा म्हटलं, तर आजही तुम्हाला परिपत्रकांचे गठ्ठेच उपसावे लागतात.

मग हद्द आखली कुणी? तिथं मला स्वतःला चक्रावून टाकणारी गोष्ट सापडली. ती जरा सावकाश सांगते.

बाळंतपणात झटके येणं ही सगळ्यात भीतिदायक गोष्टींपैकी एक. रक्तदाब चढतो, बाई डोळे फिरवते, दात घट्ट मिटतात. त्यावर औषध आहे मॅग्नेशियम सल्फेट. जपून द्यायचं औषध. जास्त झालं तर श्वास मंदावतो, गुडघ्याचा प्रतिक्षेप जातो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बी.एस्सी. झालेली, दहा वर्षं लेबर रूममध्ये काढलेली सिस्टर हे औषध डॉक्टरच्या ऑर्डरशिवाय देत नाही. आणि उपकेंद्रातली दोन वर्षं शिकलेली एएनएम? तिला ते देण्याची मुभा आहे. २००५ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हे येत गेलं: प्रशिक्षित एएनएमनं झटके आलेल्या बाईला पहिला डोस स्वतः द्यावा, प्रत्येक बाजूच्या कुल्ल्यात पाच ग्रॅम, एकूण दहा, आणि मग ताबडतोब पुढच्या दवाखान्यात पाठवावं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल द्यावं. जंतुसंसर्गाची शंका असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यावा. २०१४ मध्ये तर आजारी तान्ह्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्याची परवानगीही एएनएमला मिळाली. कधी? तर बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणं शक्यच नसेल, किंवा घरचे नेत नसतील तेव्हा.

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. परवानगी सिस्टरच्या शिक्षणाकडे पाहून मिळालेली नाही. रस्त्याकडे पाहून मिळाली आहे.

सपाट भागात पाच हजार लोकवस्तीमागे, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र, हा निकष. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की डॉक्टर आणि त्या उपकेंद्राच्या मध्ये समुद्र असल्यासारखंच. तिथं एएनएमची हद्द रुंद. जसजसं तुम्ही तालुक्याला, जिल्ह्याला, मग मुंबईला येता, तसतशी सिस्टरची पदवी वाढते आणि हद्द आवळत जाते. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरचे आवाज ओळखणारी मुलगी तापाची गोळीसुद्धा केसपेपरवर 'एसओएस' लिहिलेली असेल तरच देते. डॉक्टर जितका लांब, तितकी सिस्टर शहाणी, असं सरकारचं गणित दिसतं. मी हे विद्यार्थिनींना सांगायचे तेव्हा त्या हसायच्या. पुढे पोस्टिंगवर गेल्या की हसायच्या नाहीत.

औषधांच्या नियमांतही हीच तऱ्हा. १९४५ च्या औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत 'शेड्यूल एच' आहे, ज्यातली औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सगळे ते ओळखतात. पण त्याच नियमांत 'शेड्यूल के' नावाची सवलतींची यादी आहे. सरकारी आरोग्य कार्यक्रमातली औषधं प्राथमिक केंद्रांशी, उपकेंद्रांशी जोडलेल्या परिचारिका, एएनएम, आरोग्य सहाय्यिका, अगदी अंगणवाडी सेविकाही देऊ शकतात, आणि त्याला विक्रीच्या परवान्याचे नियम लागू नाहीत, अशी त्यात नोंद आहे. म्हणजे ग्रामीण भारताची निम्मी आरोग्यसेवा एका सवलतीच्या ओळीवर उभी आहे. अधिकार म्हणून काही दिलेलं नाही, कायद्यानं फक्त डोळा मिटला आहे.

इथं गडचिरोलीचा विषय काढणं भाग आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळ पाहायच्या, वजन करायच्या, आणि जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. परिचारिकाही नव्हत्या त्या! तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध छापून आला. पुढे घरोघरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेला. इंजेक्शन मात्र आशाच्या पिशवीत गेलं नाही. त्यावर मतं दोन्ही बाजूंनी आहेत. मला त्यात दिसतं ते एवढंच: गडचिरोलीत काम आधी ठरलं, त्या एका कामाचं शिक्षण ठरलं, नोंद कशी ठेवायची आणि कोण तपासणार तेही ठरलं, आणि मग सुई हातात आली. पदवी किती वर्षांची, हा प्रश्न तिथं शेवटी आला.

परदेशात काय आहे, हे विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या कितीतरी मुली तिकडे आहेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं १९३८ मध्येच दोन पातळ्यांच्या परिचारिका कायद्यानं वेगळ्या केल्या. १९६५ मध्ये कोलोराडोत लोरेटा फोर्ड या परिचारिकेनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञानं पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. आज तिथं प्रत्येक राज्याचा स्वतंत्र परिचर्या कायदा आहे आणि राज्याची सीमा ओलांडली की नर्स प्रॅक्टिशनरची हद्दही बदलते. म्हणजे तिथं सगळं सुरळीत आहे असं नाही. भांडणं तिथंही आहेत, पण ती छापील मजकुरावरून आहेत. ब्रिटनमध्ये १९९२ चा कायदा झाला, १९९४ मध्ये काही ठिकाणी घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांना छोट्या यादीतली औषधं लिहू देऊन पाहिलं, आणि २००६ पर्यंत खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना जवळजवळ सगळं औषधभांडार खुलं झालं. त्या पहिल्या प्रयोगापासून बारा वर्षं लागली. इंजेक्शनच्या सुईसारखं, हळूहळू.

आपल्याकडे? अतिदक्षतेसाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम परिचर्या परिषदेनं २०१६-१७ च्या सुमारास आणला. २०१८ मध्ये केंद्रानं प्रसाविकांसाठी, म्हणजे पूर्ण शिकलेल्या सुईणींसाठी, अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाचं धोरण जाहीर केलं. पदव्या आल्या, पण औषध लिहिण्याचा कायदेशीर हक्क त्यांच्यासोबत आला नाही. गर्भपाताच्या कायद्यात परिचारिकांनाही आणावं, असा मसुदा २०१४ मध्ये निघाला होता. २०२१ मध्ये सुधारणा झाली तेव्हा तो भाग गळला होता. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात मध्यम पातळीच्या 'समुदाय आरोग्य प्रदात्या'ला मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, आणि डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या.

महाराष्ट्राची गंमत निराळी. आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांना 'समुदाय आरोग्य अधिकारी' मिळाला. इतर बऱ्याच राज्यांत ही जागा बी.एस्सी. किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची. आपल्याकडे त्यावर मोठ्या संख्येनं आयुर्वेदाचे पदवीधर बसले. त्यांच्याशी माझं वैर नाही, कित्येक जण उत्तम काम करतात. पण २०१४ मध्ये याच राज्यानं कायद्यात बदल करून होमिओपॅथीच्या पदवीधरांना औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधं लिहिण्याची वाट काढली. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. मला कोर्टाच्या निकालात पडायचं नाही. मी एवढंच म्हणते, की ज्या सिस्टरनं औषधशास्त्र शिकून, पेपर देऊन, शिवाय रोज दोनशे डोस स्वतःच्या हातानं देऊन त्यांचे परिणाम डोळ्यांनी पाहिले, तिचं नाव त्या चर्चेत कुणी घेतलंसुद्धा नाही. घेतलं नाही, कारण आम्हीही मागितलं नाही. आमच्या संघटना पगारासाठी, पदोन्नतीसाठी, बदल्यांसाठी उभ्या राहिल्या, आणि ते गरजेचंच होतं. कार्यकक्षेसाठी किती मोर्चे निघाले, मोजा.

डॉक्टर मंडळींची भीती मी हसण्यावारी नेत नाही. हद्द वाढवा म्हणणं सोपं आहे. वाढलेल्या हद्दीत चूक झाली तर ती चूक कुणाची, हे ठरवणं अवघड. दुसरं, खासगी छोट्या दवाखान्यांत पाहा. रुग्णालय नोंदणीचा १९४९ चा कायदा पात्र परिचारिका ठेवा म्हणतो, आणि तिथं दहावी-बारावी झालेल्या मुलीला युनिफॉर्म चढवून 'सिस्टर' म्हणून उभं करतात. ती सलाईन लावते, इंजेक्शन देते, पगार घरकामाच्या बाईएवढा. तिची हद्द कुणी आखली? दवाखान्याच्या मालकानं. आपली कार्यकक्षा नीट लिहिली गेली नाही, म्हणून वरून आम्ही आवळले जातो आणि खालून ही पोरगी आमच्या नावावर राबते. आणि आणखी एक कडू गोष्ट: हद्दीचं हेच राजकारण आम्हीही करतो. एएनएमनं हे करू नये, जीएनएमनं ते करू नये, असं सगळ्यात जोरात कोण म्हणतं? पदवीवाल्या सिस्टर. मी स्वतः म्हटलंय, ऐन उमेदीत.

जबाबदारी मात्र कुणी आवळत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात अहमदनगरच्या, आता अहिल्यानगर म्हणतो त्या शहरातल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. पुढे अटक झाली त्यांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकाही होत्या. त्या दोषी की निर्दोष, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण इमारतीची वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा, या गोष्टी कोणत्याही परिचारिकेच्या कार्यकक्षेत मी कधी वाचलेल्या नाहीत. अधिकार द्यायची वेळ आली की सिस्टर 'निमवैद्यकीय' असते. हातकड्या घालताना असा भेद कुणी केल्याचं दिसलं नाही.

आता मेट्रनबाईंकडे परत येते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "डॉक्टरच्या हद्दीतलं किती मिळेल हे मागत बसू नका," त्या म्हणायच्या, "आपलं किती आहे ते आधी मोजा." न्यूयॉर्कच्या १९७२ च्या कायद्यानं परिचर्येची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ हाच होता, हे मला फार नंतर वाचायला मिळालं: आजार हा डॉक्टरचा विषय असेल, पण आजाराला माणूस कसा सामोरा जातो, त्याचं निदान आणि त्यावरचा उपचार हा परिचारिकेचा. बेडसोर घ्या. पेशंट कधी कुशीवर वळवायचा, टाचेखाली काय ठेवायचं, कातडी लाल दिसली तर काय करायचं, हे ठरवायला मला कुणाची ऑर्डर लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्याच सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या सेवेची मनापासून वाखाणणी केली. त्या बेचाळीस वर्षांत औषधाच्या ऑर्डर किती लिहिल्या गेल्या असतील? थोड्याच. बाकी सगळं त्या वॉर्डातल्या सिस्टरांच्या हद्दीतलं होतं, आणि तेच देशानं पाहिलं.

पण मेट्रनबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. माझ्या त्या डेक्स्ट्रोजच्या रात्रीनंतर आठवडाभरात त्यांनी एक काम केलं. आमचं रिपोर्ट बुक असायचं, लांबट, काळ्या कापडी बांधणीचं. त्यात उजवीकडे त्यांनी लाल पेन्सिलीनं एक उभी रेघ मारायला लावली, प्रत्येक पानावर, प्रत्येक वॉर्डात. वर लिहायचं, 'आदेशाआधी केलेलं'. वेळ, काय दिसलं, काय केलं, कुणाला किती वाजता कळवलं, आणि सही. मागची तारीख नाही, मागची वेळ नाही. डॉक्टरांच्या बैठकीत यावरून गदारोळ झाला. हे कोणत्या नियमात बसतं, असं वरिष्ठांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "बसत नाही. म्हणूनच लिहायचं." पहिल्या महिन्यात आम्ही घाबरून तो रकाना कोराच ठेवला. मग एकीनं लिहिलं, मग दुसरीनं. वर्षअखेर बाईंनी सगळ्या वॉर्डांच्या वह्या घेऊन बसून मोजदाद केली: कोणती कामं पुन्हापुन्हा येतात, कोणत्या सिस्टरकडून, कोणत्या वेळी. त्यातली सात कामं निवडून त्यांची रीत लिहून काढली आणि डॉक्टरांच्या सहीनं वॉर्डात टांगली. साखर उतरली तर काय, झटका आला तर काय, सलाईनची जागा सुजली तर काय. आमची पहिली लिखित कार्यकक्षा. कुठल्याही कायद्यात नसलेली.

बाई निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत छापील रजिस्टरं आली. सुबक, पान क्रमांक टाकलेली, प्रत्येक रकान्याचं नाव आधीच छापलेलं. तो रकाना त्यात नव्हता. मी तेव्हा परिसेविका होते. पहिल्याच रात्री वॉर्डात शिरले तर नवी मुलगी, नोकरीला लागून तीन महिने झालेली, टेबलावर वाकून काहीतरी करत होती. जवळ गेले. तिनं सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याची पट्टी केली होती आणि लाल बॉलपेननं पानाच्या कडेला रेघ ओढत होती.